टेक्सासमधल्या एका कापूस काउंटीत सरकारचा पैसा कसा उतरतो

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला तिथले सरकार भरमसाट अनुदान देते, मग त्याच्यापुढे आमच्या शेतकऱ्याचा टिकाव कसा लागणार? प्रश्न रास्त आहे. मात्र त्यातला ‘अनुदान’ हा शब्द फार सैल आहे. आपल्याकडे अनुदान म्हटले की खताच्या गोणीवरची सवलत, ठिबकचा संच किंवा पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला पैसा यांपैकी कोणत्याच वाटेने येत नाही. तो कोणत्या वाटेने येतो आणि शेवटी कोणाच्या खात्यात थांबतो, हे कळल्याशिवाय त्याच्याविषयी राग धरण्यात किंवा हेवा करण्यात अर्थ नाही.

म्हणून आपण एकच जागा घेऊ. टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, लबक शहराच्या दक्षिणेला लिन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठा आणि जिल्ह्याहून बहुधा लहान असा प्रशासकीय भाग. टेक्सासमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. लिन काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक भरते. वर्धा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार तेरा लाख माणसे राहतात, तर लिन काउंटीत साडेपाच हजारांच्या आसपास. ताहोका हे तिथले मुख्य गाव. सपाट माळरान, थोडा पाऊस, जमिनीखाली वर्षानुवर्षे खोल जात चाललेला ओगालाला नावाचा पाण्याचा साठा आणि वर नजर पोहोचेल तिथपर्यंत कापूस, असा हा मुलूख आहे.

पिकाला नव्हे, नोंदीला मिळणारा पैसा

या व्यवस्थेतली सर्वांत चकवणारी गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अमेरिकेचे संघीय सरकार शेतकऱ्याला नियमित आधाराची जी मुख्य रक्कम देते, ती त्याने यंदा काय पेरले यावर ठरत नाही. त्या जमिनीवर पूर्वी काय पेरले जात होते, यावर ती ठरते. प्रत्येक शेताला सरकारी दप्तरात एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे ‘बेस एकर’ लिहिलेले असतात. बेस एकर म्हणजे जुन्या वर्षांच्या पेऱ्याच्या सरासरीवरून त्या जमिनीच्या नावे कायम झालेले कागदावरचे क्षेत्र. यातल्या अनेक नोंदींचे मूळ १९८० च्या दशकातल्या पेऱ्यात आहे. पुढे २००२ आणि २०१४ च्या शेती कायद्यांनी त्यांत फेरबदल करण्याची संधी दिली, पण तत्त्व तेच राहिले.

आपल्याकडे सामाईक विहिरीच्या पाण्यात हिस्सा असलेली जमीन विकली, तर खरेदीखतात त्या पाण्याचा हिस्साही लिहून दिला जातो. नव्या मालकाने पुढे ऊस लावला, ज्वारी पेरली किंवा वर्षभर शेत पडीक ठेवले, तरी हिस्सा त्या जमिनीचाच राहतो. बेस एकरचे अगदी तसेच आहे. लिन काउंटीतल्या एखाद्या शेताच्या नावे कापसाचे ५०० बेस एकर असतील आणि मालकाने यंदा तिथे मका किंवा गहू घेतला, तरी कापसाचा भाव पडल्यावर कापसाचेच पैसे त्याला मिळतात. बेस क्षेत्रावर ठरावीक मर्यादेपलीकडे भाजीपाला किंवा फळे लावली, तर मात्र तेवढी रक्कम कापली जाते.

हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागे एक विचार आहे. चालू पेऱ्यावर पैसे दिले तर शेतकरी बाजाराकडे पाहून पेरणी करत नाही, सरकारकडे पाहून करतो. मग ज्या पिकाला जास्त आधार त्याचे उत्पादन वाढते, भाव आणखी पडतो आणि सरकारला पुन्हा आणखी पैसे द्यावे लागतात. ही साखळी तोडण्यासाठी १९९६ च्या कायद्याने पैसा आणि पेरा यांची फारकत केली. हेतू चांगला होता. मात्र त्याचा दुसरा परिणाम असा झाला की पैसा पिकवणाऱ्यापासूनही सुटा झाला आणि जमिनीला चिकटला. माझ्या मते या विषयातला खरा गुंता इथे आहे. आकडा मोठा की लहान, हा प्रश्न त्यानंतरचा.

रक्कम कशी निघते

कायद्याने प्रत्येक पिकासाठी एक संदर्भ भाव ठरवून दिलेला असतो. वर्षभराचा देशपातळीवरचा सरासरी बाजारभाव त्याच्या खाली गेला, तर फरकाची रक्कम सरकार देते. मध्य प्रदेशातील भावांतर योजनेमुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. हमीभावात सरकारला माल खरेदी करावा लागतो. इथे सरकार बोंडालाही हात लावत नाही, फक्त फरक भरते. शिवाय ताहोक्याच्या जिनिंगवर शेतकऱ्याला प्रत्यक्ष काय भाव मिळाला, याला हिशेबात जागा नाही. देशाची सरासरी तेवढी मोजली जाते.

सरकीसह कापसाचा संदर्भ भाव आधी पौंडाला ३६.७ सेंट होता. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने तो ४२ सेंट केला. क्विंटलमध्ये सुमारे २२० पौंड बसतात, म्हणजे हा भाव क्विंटलला साडेब्याण्णव डॉलरच्या आसपास जातो. डॉलर ८५ ते ९० रुपयांचा धरला, तर ७,९०० ते ८,३०० रुपये होतात. आपल्याकडे २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. दोन्ही आकडे जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. अमेरिकी सरकार कापसाला आपल्या दुप्पट-तिप्पट भावाची हमी देते, असे अनेकजण समजतात. ते खरे नाही. भावाची पातळी जवळपास सारखी आहे. फरक आहे तो ती शेतकऱ्याच्या हाती पडण्याच्या रीतीत. आपल्याकडे खरेदी केंद्र उघडेपर्यंत, तिथे नंबर लागेपर्यंत आणि ओलाव्याच्या टक्केवारीवरून माल परत न येईपर्यंत हमीभाव कागदावर राहतो. तिथे शेताचा क्रमांक दप्तरात असला आणि शेतकऱ्याने नाव नोंदवलेले असले, की फरकाची रक्कम ठरलेल्या सूत्राने निघते.

ते सूत्र एका कल्पित शेतावर लावून पाहू. समजा कापसाचे १,००० बेस एकर आहेत. पैसे त्यांच्या ८५ टक्क्यांवर, म्हणजे ८५० एकरांवर मिळतात. या शेताचे सरकारदप्तरी ठरलेले उत्पादन एकरी १,५०० पौंड सरकीसह कापूस आहे असे धरू. हाही जुना आकडा असतो, यंदाचा नव्हे. देशाचा सरासरी भाव ३६ सेंट निघाला, तर फरक ६ सेंटांचा. ८५० गुणिले १,५०० गुणिले ६ सेंट म्हणजे ७६,५०० डॉलर. त्यातून आणखी काही कपात होते, पण आवाका ध्यानात येतो. ही रक्कम पीक निघाल्याबरोबर मिळत नाही. विक्रीचे वर्ष पूर्ण होऊन सरासरी भाव जाहीर झाल्यावर, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती येते. बियाणे, डिझेल आणि यंत्रांचे हप्ते तोवर बँकेच्या कर्जावर चालतात.

शेजाऱ्याच्या पिकावर ठरणारी मदत

संदर्भ भावाच्या योजनेला एक जोडयोजना आहे. तिच्यात भावाबरोबर उत्पादनही पाहतात, पण एका शेताचे नव्हे, तर संपूर्ण काउंटीचे. काउंटीचे एकरी सरासरी उत्पादन गुणिले भाव, म्हणजे काउंटीचे उत्पन्न. हे उत्पन्न मागच्या पाच वर्षांवरून काढलेल्या पातळीच्या ९० टक्क्यांखाली गेले, तर त्या काउंटीतल्या नोंदणीकृत बेस एकरांना पैसे मिळतात. नव्या कायद्यापूर्वी ही मर्यादा ८६ टक्के होती. एरवी दोहोंपैकी एक योजना आधी निवडावी लागते. २०२५ च्या पिकासाठी मात्र ज्या योजनेतून अधिक रक्कम निघेल ती देण्याची तरतूद झाली.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यातली अडचण फोड करून सांगायची गरज नाही. आपल्याकडे पीक विम्यात महसूल मंडळ हा घटक धरतात. पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात, म्हणून भरपाई हुकलेली माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात. लिन काउंटीतही गारपिटीने एकाचे शेत झोपले आणि बाकीची काउंटी बहरली, तर या योजनेतून त्याला काही मिळत नाही. उलट त्याचे पीक उत्तम आले आणि शेजाऱ्यांचे करपले, तर चांगल्या पिकाबरोबर त्याला मदतही मिळते.

मग स्वतःच्या शेतातल्या नुकसानीचे काय? त्यासाठी वेगळा पीक विमा आहे, आणि व्यवहारात लिन काउंटीसारख्या कोरडवाहू भागाला तोच जगवतो. विमा खासगी कंपन्या विकतात, हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास वाटा संघीय सरकार भरते आणि सामान्यतः शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताच्या जुन्या उत्पादनावरून नुकसान ठरते. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये पेरलेल्या कापसाच्या दोन तृतीयांशांहून अधिक क्षेत्रावर वेचणीच होऊ शकली नाही. त्या वर्षी पश्चिम टेक्सासमधली घरे विम्यामुळे उभी राहिली. पण तेवढ्या क्षेत्राचा कापूस निघाला नाही, म्हणून जिनिंगला काम नव्हते, हमालाला मजुरी नव्हती, सरकी तेलाच्या गिरणीला माल नव्हता. विम्याचा पैसा शेतकऱ्याकडे येतो. त्याच्यावर पोट असलेल्यांकडे आपोआप जात नाही.

न पेरण्याचे पैसे

काउंटीत येणाऱ्या पैशाची आणखी एक धार आहे. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे नांगराखाली न आणता तिच्यावर गवत राखण्याचा करार शेतकरी सरकारशी करतो आणि त्याबद्दल दरवर्षी भाडे घेतो. १९८५ च्या कायद्यापासून ही योजना चालू आहे. पश्चिम टेक्सासमध्ये तिने मोठे काम केले, कारण १९३० च्या दशकात याच पट्ट्याने मातीची वादळे पाहिली होती. तरीही काउंटीतल्या दुकानदारांचा हिशेब निराळा असतो. गवताला बियाणे, खत, ट्रॅक्टरचे सुटे भाग, फवारणीचा माणूस, काहीच लागत नाही. मालकाला भाडे मिळते, गावातली उलाढाल थंडावते. हे ओळखूनच कायद्याने एका काउंटीतली सर्वसाधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक पिकाऊ जमीन या योजनेत घेऊ नये अशी मर्यादा घातली आहे.

याखेरीज अचानक जाहीर होणारी मदत असते. २०१८ मध्ये चीनशी व्यापारी तंटा सुरू झाला आणि अमेरिकी सोयाबीन-कापसाची मागणी घटली, तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले गेले. २०१९ मध्ये तर प्रत्येक काउंटीचा एकच दर ठरला, एकरी १५ ते १५० डॉलर. दर काउंटीनुसार होता, त्यामुळे सीमेच्या अलीकडे-पलीकडे तेच पीक असूनही रक्कम वेगळी पडली. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. नियमित कायदा असताना वारंवार अशी खास मदत द्यावी लागते, यावरूनच नियमित कायद्यातल्या उणिवा उघड होतात.

‘पण मोठ्यांना रोखायला मर्यादा आहे ना?’

आहे. भाव आणि उत्पन्नाच्या योजनांतून एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरपर्यंत मिळू शकत होते. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा १,५५,००० केली. मेख ‘व्यक्ती’ या शब्दात आहे. पती, पत्नी, भाऊ, सज्ञान मुलगा यांनी भागीदारी केली, तर प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र धरली जाते. आपल्याकडे जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला तेव्हा घराघरांत वाटण्या झाल्या. ते ज्यांना आठवते त्यांना याचे नवल वाटणार नाही. विम्याच्या हप्त्यातल्या सरकारी वाट्याला तर अशी मर्यादाच नाही. वॉशिंग्टनमधील एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था माहितीच्या कायद्याखाली मिळवलेल्या नोंदी काउंटीनुसार आणि नावानिशी प्रसिद्ध करते. तिच्या हिशेबाने १९९५ नंतर पिकांच्या अनुदानातील तीन चतुर्थांशांहून अधिक रक्कम वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेली. ज्याचे एकर जास्त त्याची रक्कम जास्त, हा सूत्राचा सरळ परिणाम आहे. त्याला गैरव्यवहार म्हणता येत नाही.

याला शेतकऱ्यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. मोठा शेतकरी म्हणजे श्रीमंत शेतकरी नव्हे, असे ते सांगतात. हजारो एकर कसणाऱ्याच्या डोक्यावर यंत्रांचे आणि हंगामाचे कर्जही त्याच मापाचे असते, आणि भाव पाच सेंटांनी हलला की वर्षाची मिळकत पुसली जाते. सरकारी आधाराचा कागद नसेल, तर बँक पुढच्या पेरणीला पैसे देत नाही. यात तथ्य आहे. आधार काढून घेतला तर लिन काउंटीतली कापसाची शेती आज आहे त्या आकारात टिकणार नाही, हे मलाही पटते. पण आधार कोणाला आणि कशाच्या प्रमाणात, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

कसणारा एक, मालक दुसरा

अमेरिकेतल्या शेतजमिनीपैकी सुमारे ४० टक्के जमीन भाड्याने कसली जाते. मालक अनेकदा पूर्वी ती जमीन कसणाऱ्यांचे वारस असतात, शहरात स्थायिक झालेले. कायदा सांगतो की अनुदान पिकाची जोखीम उचलणाऱ्याला मिळावे. जमीन बटईने असेल तर रक्कम दोघांत वाटली जाते, रोख खंडाने असेल तर ती कसणाऱ्याला मिळते. कागदावर हे न्याय्य दिसते. परंतु ज्या शेताच्या नावे बेस एकर जास्त, त्याचा खंड जास्त मागितला जातो, जमिनीची किंमतही वाढते, आणि कसणाऱ्याच्या हाती आलेल्या पैशाचा काही भाग अशा रीतीने मालकाकडे जातो. नव्याने शेतीत उतरू पाहणाऱ्या तरुणाला तर वाढलेली किंमत आधी मोजावी लागते आणि अनुदान नंतर दिसते.

हे दुखणे आजचे नाही. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांच्या सरकारने भाव सावरण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देऊन उभ्या कापसाचे सुमारे एक कोटी एकर क्षेत्र मोडायला लावले, आणि या सगळ्या व्यवस्थेची सुरुवात तिथून झाली. पैसे बहुतांशी जमीनमालकांच्या हाती पडले. पेरा कमी झाला म्हणून वाटेकऱ्यांची गरज संपली, आणि दक्षिणेतल्या हजारो वाटेकरी कुटुंबांना, त्यांत बऱ्याच कृष्णवर्णीयांना, झोपडी सोडून जावे लागले. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन संघटना उभारली, ती याच अन्यायातून.

आपल्याकडचा आरसा फार वेगळा नाही. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. मक्त्याने किंवा अर्धेलीने कसणाऱ्याचे नाव तिथे नसते. १ फेब्रुवारी २०१९ ही जमिनीच्या नोंदीची तारीख ठरली. वारसाहक्क वगळता त्यानंतर जमीन घेतलेला शेतकरी बाहेर राहिला. रकमांची तुलना होऊ शकत नाही, पण नोंदीतल्या नावाला पैसा मिळतो आणि राबणारा हात कडेला राहतो, ही गोष्ट ताहोक्यात आणि हिंगणघाटात सारखीच आहे.

मग आपला भाव त्यांच्यामुळे पडतो का?

काही अंशी, होय. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हीच तक्रार नेली आणि ती जिंकली. अमेरिकी कापूस अनुदानामुळे जगाचा भाव दबतो, हे निकालात मान्य झाले. अमेरिकेने नियम लगेच बदलले नाहीत. २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. त्याच वर्षीच्या शेती कायद्यातून कापूस भावाच्या योजनेबाहेर गेला. २०१८ मध्ये तो ‘सरकीसह कापूस’ या नावाने परत आत आला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब कापूस उत्पादक देशही २००३ पासून हा प्रश्न मांडत आहेत. त्यांच्याजवळ ब्राझीलएवढे बळ नव्हते आणि त्यांना अशी भरपाई मिळाली नाही.

मात्र सगळे खापर लिन काउंटीवर फोडता येणार नाही. एकरी उत्पादन, सिंचन, गुलाबी बोंडअळी, खरेदी केंद्रांची व्यवस्था आणि आयात शुल्काचा निर्णय कोणत्या महिन्यात होतो, यांचा भार आपल्या भावावर आणि मिळकतीवर मोठा आहे. शुल्क माफ झाले ते नेमके नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, आणि तो निर्णय दिल्लीत झाला.

२०२५ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा कमी झाली. देशभरात तीन कोटी एकरांपर्यंत नवे बेस एकर निर्माण होणार आहेत, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांतल्या पेऱ्यावरून. या हिशेबात पेरणी मोजतात, निघालेले पीक नव्हे. त्यामुळे २०२२ चा करपून गेलेला कापूसही त्यात धरला जाईल. ती पेरणी अनेक ठिकाणी खंडकऱ्याने केली होती, बियाणे त्याचे होते, दुष्काळ त्याने सोसला. नवे बेस एकर मात्र जमिनीच्या नावे चढतील, आणि पुढच्या हंगामात मालकाने ती जमीन दुसऱ्याला खंडाने दिली, तर दुष्काळ सोसलेल्या आधीच्या खंडकऱ्याच्या वाट्याला त्यातले काहीच येणार नाही.